रंगाऱ्याचं लाल पाणी आणि मावशीचं शेण

मावशीच्या पांढऱ्या वासराचे पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी झाले, आणि ती त्याला दोरी लावून थेट आमच्या दुकानात घेऊन आली. घाटंजीचा बाजाराचा दिवस होता. दुकानात चार-पाच बायका ब्लाऊजचे तुकडे मांडीवर घेऊन, मॅचिंग ओढण्या रंगवून मिळायची वाट पाहत बसल्या होत्या. वासरू त्यांच्या मधून चालत आलं आणि वाळत घातलेल्या एका हिरव्या ओढणीचं टोक चघळू लागलं.

"हे घ्या रंगारीभाऊ," मावशी म्हणाली. "अर्धं रंगवून देल्लं तुम्ही. वरचं बाकी हाय, तेही करून द्या."

बायका खळखळून हसल्या. अब्बा हसले नाहीत. त्यांनी आधी वासराच्या तोंडातून ओढणी सोडवली, मग खाली बसून त्याच्या पायावर बोट घासून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. माझी खात्री आहे की त्या क्षणी त्यांना मनातून जरा बरंच वाटलं असणार. रंग पक्का बसला होता.

आमचं घर रंगाऱ्याचं. आजोबा रंगवायचे, अब्बा रंगवतात. समोर दुकान, मागे अंगण, अंगणात भट्टी. भट्टीवर मोठं पातेलं चढवायचं, पाण्यात मीठ आणि रंगाची पुडी टाकायची, पाणी कढत आलं की ओढणी सोडायची आणि लाकडी दांड्यानं फिरवत राहायचं. कापड त्याला हवा तेवढा रंग घेतं. उरलेला पाण्यात राहतो, आणि ते पाणी नालीत जातं. दोन पिढ्या ते नालीतच जात होतं. पण आधी मागची जागा मोकळी होती. आता भिंतीपलीकडे मावशीचा गोठा होता, आणि नाली त्या गोठ्याला वळसा घालून नाल्याकडे जायची.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. ती बंजारा. तिचं माहेर उमरखेडकडच्या एका तांड्यातलं, लग्न होऊन इकडे आलेली. चार म्हशी, एक गाय आणि ते वासरू. गल्लीत दूध तिचंच. लहानपणापासून मी तिला मावशीच म्हणते. घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलतो, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. अब्बांच्या तोंडी या सगळ्याची खिचडी असते. इथं मी त्यांचं आणि अम्मीचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितेय, कारण मावशीशी ते तसंच बोलायचे.

"नाली तुंबली असन," अब्बा म्हणाले. "मी काय मुद्दाम करून राह्यलो काय?"

"नाली तुंबली, हाव. पण तिच्यात पाणी कोनाचं? माह्यी गाय लाल पाण्यात उभी राह्यते. उद्या दूध गुलाबी निंघालं तं गल्लीतले लोक तुमच्या घरी येतीन का माह्या?"

गुलाबी दूध निघणार नव्हतं, पण गल्लीत तशी आवई उठायला वेळ लागला नसता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नालीच्या तोंडाशी मातीचं पोतं टाकलं, अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि रंगाचं पाणी त्यात सोडायला सुरुवात केली.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होते. शेवटचं वर्ष. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. प्रोजेक्टचा विषय अजून ठरलेला नव्हता. वर्गातल्या बाकीच्यांनी दही, ताक, दुकानातला खवा असं काहीबाही घेऊन टाकलं होतं. आमच्या मॅडम मला रोज विचारायच्या आणि मी रोज म्हणायचे, "उद्या सांगते."

लग्नसराईचे दिवस आले. लाल, राणी, मरून. भट्टी दिवसभर विझायची नाही. एका सकाळी पाहिलं तर अंगणातला खड्डा भरून वाहत होता, आणि पाणी भिंतीच्या खालच्या भोकातून पलीकडे गेलं होतं. पलीकडे मावशीचा शेणाचा खड्डा होता. गोठा धुतलेलं पाणी, शेण, मूत, उरलासुरला कडबा, सगळं त्यातच.

अब्बांनी भोक घाईघाईनं बुजवलं. त्या दिवशी ते दुकानात सारखे दाराकडे पाहत होते. मावशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पाचव्या दिवशी मी एसटीतून उतरून घरी आले, हातपाय धुतले, तेवढ्यात भिंतीवरून तिची हाक आली.

"पोरी, इकडे ये बरं."

मी स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावले. मावशी खड्ड्याच्या काठाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. रागात दिसत नव्हती. उलट तिचा चेहरा कोडं पडल्यासारखा झाला होता.

"तुह्या बापाचं लाल पाणी माह्या खड्ड्यात आलतं. मी पाह्यलं होतं, पुरा खड्डा रगतासारखा लाल. मी म्हटलं, राहू दे, एकदाच भांडू. आज भांडाले निंघाली, तं लालच नाही."

"खाली बसला असेल, मावशी."

"मले कायले शिकवतं? हे पाह्य." तिनं काठीच्या टोकाला गुंडाळलेली एक पांढरी चिंधी खड्ड्यात तळापर्यंत बुडवली, फिरवली आणि वर काढली. चिंधी मातकट झाली होती, शेणाच्या रंगाची. लाल नव्हती. गुलाबीही नव्हती. "तीनदा बुडवून पाह्यली. तुह्या बापाचा रंग तं वासराच्या पायातून पंधरा दिवस नाही निंघाला. मंग इथून कुठं गेला?"

मी स्टुलावरून खाली उतरले नाही. भिंतीवर चढून पलीकडेच उडी मारली. त्या वयात मी पुन्हा भिंतीवरून उड्या मारायला लागेन असं अम्मीला वाटलं नव्हतं, आणि तिनं तसं ओरडून सांगितलंही. मी घरातून काचेचा ग्लास मागवला, खड्ड्यातलं पाणी फडक्यातून गाळून त्यात घेतलं आणि उजेडात धरलं. फिकट चहासारखं पाणी. चार दिवसांत कोणीतरी तो रंग खाल्ला होता, आणि तो कोणीतरी मावशीच्या शेणात राहत होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना "उद्या सांगते" म्हटलं नाही. एका दमात सगळं सांगितलं, वासरापासून चिंधीपर्यंत. मॅडम फार कमी बोलायच्या आणि हसायच्या त्याहून कमी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेण स्पंजसारखं असतं. रंग शोषून घेतला असेल. जिवाणूंनी काही केलं हे कशावरून?"

"मग काय करू?"

"जिवाणू मारून बघ. मेलेल्या शेणातही रंग गेला, तर विषय संपला."

सोपं होतं. शेण तेच, पाणी तेच. एका बाटलीतलं शेण जिवंत, दुसरीतलं उकळून मारलेलं. दोन्हींत लाल पाणी ओतायचं आणि बघायचं. फक्त आमच्या कॉलेजचं ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं जंतू मारायचं यंत्र, बंद पडलेलं होतं, आणि ते दुरुस्त करणारा माणूस नागपूरहून कधी येईल हे कोणाला माहीत नव्हतं. वाफेचा दाब देणारं दुसरं एकच भांडं माझ्या ओळखीचं होतं.

अम्मीच्या कुकरमध्ये शेण शिजवलं ते मी तिला न सांगता. ती शेजारी कुणाच्या मेंदीला गेली होती. डब्यात घट्ट झाकून ठेवलं होतं, खाली पाणी होतं, कुकरला शेणाचा कणही लागला नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकते. पण शिट्टीतून जो वास बाहेर पडला तो आमच्या घरातून गल्लीत गेला आणि गल्लीतून मेंदीच्या घरी. अम्मी अर्ध्या मेंदीचे हात वर धरून धावत आली.

"काय शिजवून राह्यली?"

मी सांगितलं.

अम्मीनं कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातांवरच्या ओल्या मेंदीकडे पाहिलं. त्या मेंदीमुळे मी वाचले. दुसऱ्या दिवशी घरात नवा कुकर आला आणि जुना कायमचा माझा झाला.

बारा बाटल्या मांडल्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या. सहा बाटल्यांत मावशीचं ताजं शेण, सहांत शिजवलेलं. सगळ्यांत अब्बांच्या पातेल्यातलं लाल पाणी, पूर्ण थंड करून, अगदी काठोकाठ. झाकणं लावली आणि माडीवर जायच्या जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं ठेवल्या. पहिल्या दिवशी बाराही लाल. अब्बा दुकान बंद करून आले, कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

"मी सारी जिंदगी एकच शिकलो, रंग कसा टिकंन. अन् तू तो घालवाले बसली."

"कपड्यातला नाही अब्बा, पाण्यातला."

"पाण्यातला तं पाण्यातला. रंग तं माझाच हाय ना."

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही. एवढंच की जिवंत शेणाच्या एका बाटलीत वायू साठला आणि तिचं झाकण फटकन उडून समोरच्या भिंतीवर आदळलं. त्यानंतर मी झाकणं किंचित सैल ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीतून उतरून मी धावतच घरी आले. दारात अब्बा उभे होते. दुकान तसंच सोडून आले होते. त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

शिजवलेल्या शेणाच्या सहाही बाटल्या लालच होत्या, थोड्या मंद, पण लाल. जिवंत शेणाच्या पाच बाटल्यांत खालून वर रंग उतरत होता. तळाशी गढूळ पिवळट, मधे गुलाबी, गळ्याशी लाल. एखादी ओढणी अर्धी बुडवून बाहेर काढावी तशी. मी पायरीवर बसले आणि रडले. हसतही होते. अम्मीनं विचारलं, "पास झाली काय?" मी म्हटलं, "मी नाही, शेण पास झालं."

सहावी बाटली मात्र मागे होती. तिच्यात लाल तसाच. मी तिला हातात घेऊन विचारात पडले, तेव्हा अब्बा खाली पाहू लागले.

"तुम्ही काही केलं काय?"

"काही नाही. फक्त झाकण काढून पाह्यत होतो. ग्लासात घ्यायचो, परत टाकायचो."

"किती वेळा?"

"सकाळी. दुपारी. चहाच्या वेळी." मग हळूच, "अन् झोपताना एकदा."

मला त्यांच्यावर रागवायला हवं होतं. मी त्यांना मिठी मारली. कारण ती बिघडलेली बाटली मला नेमकं तेच सांगत होती जे मला कळत नव्हतं. गाईम्हशीच्या पोटात हवा नसते. तिथले जिवाणू हवेशिवाय जगायला शिकलेले असतात. हवा नसली की ते रंगाच्या रेणूलाच धरतात आणि त्याला मधोमध तोडतात. तुटला की रंग दिसेनासा होतो. अब्बांनी दिवसातून चार वेळा पाणी वरून ओतून त्यात हवा मिसळली होती, म्हणून त्या बाटलीतल्या जिवाणूंनी रंगाला हातच लावला नव्हता. माझ्या पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ मी परीक्षेत लिहूनही आले होते. पण ती समजली त्या जिन्यावर.

बाटल्या कॉलेजात न्यायच्या होत्या. पिशवीत लाल, गुलाबी, पिवळ्या बाटल्या घेऊन मी एसटीत चढले, तर कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, "शरबत हाय काय?" मी म्हटलं, "नाही, शेण हाय." पुढे यवतमाळ येईपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली, आणि मला ते बरंच पडलं, कारण पिशवी सीटवर ठेवता आली.

मॅडमनी बाटल्यांतलं पाणी गाळून यंत्रात घातलं. पाण्यातून किती प्रकाश पार जातो ते हे यंत्र आकड्यात सांगतं. त्यांनी आकडा पाहिला, नमुना बदलला, पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शाबास," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हवेत होते. आणि लगेच, त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "पण रंग गेला म्हणजे विष गेलं का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. आता मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा हाच प्रश्न सर्वांत आधी विचारते.

"घरी मेथी आहे ना? दाणे पेरून बघ," त्या म्हणाल्या.

तीन ताटल्या, तीन ओली फडकी, प्रत्येकात मेथीचे सारखेच दाणे. एका ताटलीला नळाचं पाणी, एकीला अब्बांचं लाल पाणी, एकीला माझं रंग गेलेलं, स्वच्छ दिसणारं पाणी. माझी खात्री होती की तिसरी ताटली पहिलीच्या बरोबरीनं उगवेल. मावशीलाही बोलावून ठेवलं होतं.

नळाच्या पाण्यातले दाणे छान उगवले. लाल पाण्यातले खुरटले, पण निम्मेशिम्मे आले. माझ्या स्वच्छ पाण्यातल्यांची साधी मुळंही धड फुटली नाहीत. जी फुटली त्यांची टोकं काळपट पडली होती.

मी पुस्तक पुन्हा उघडलं. रंगाचा रेणू तुटला होता, पण त्याचे तुकडे पाण्यातच होते, आणि ते तुकडे अख्ख्या रंगापेक्षा जास्त त्रासदायक होते. डोळ्यांना दिसत नव्हते इतकंच. अब्बांना मी हे समजावून सांगितलं.

"म्हंजे पाणी पांढरं झालं अन् नियत काळीच राह्यली," ते म्हणाले.

"तसंच."

"मंग हे लोकाले सांगू नको अजून. पांढरं पाणी पाहून लोक नाल्यात सोडतीन, अन् गायी पितीन. लाल पाण्याले गाय कमीत कमी तोंड तं लावत नाही."

मला अब्बांचा त्या वेळी फार अभिमान वाटला. लाल पाणी नाहीसं झालं, मावशी गप्प बसली, त्यांचं काम तिथंच संपलं होतं. त्यांना काहीही करायची गरज नव्हती.

उपाय मावशीच्या बोलण्यातून सापडला, आणि तिला तो उपाय आहे हेही माहीत नव्हतं. ती ताटल्यांकडे पाहत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या खड्ड्यातलं पाणी झाडांना घालू नको. ती म्हणाली, "कच्चं शेण मी कायले घालीन? खड्ड्यातलं काढायचं, वर आणून पसरायचं, हवा खाऊ द्यायची, उलथायचं, परत उलथायचं. तवा त्याचं खत होते. दाबून ठेवलं तं नुसतं सडते. तुह्या पाण्याले हवा कुठं लागली?"

हवा. आधी हवा नको होती, आता हवी होती. रंग तोडणारे जिवाणू हवेला भीत होते, पण तुकडे खाणारे दुसरे होते, आणि त्यांना हवा लागत होती. ते मावशीच्या जुन्या, उलथलेल्या, काळ्याभोर खतात भरपूर असणार. दोन घरं हवीत. पहिलं बंद, दुसरं उघडं. मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "हे काहून? मी तं खताचं सांगून राह्यली."

पुढचा महिना आमचं अंगण अंगण राहिलं नाही. अब्बांनी रंगाचे दोन रिकामे निळे ड्रम आणले. पहिल्यात ताजं शेण आणि थंड झालेलं रंगाचं पाणी, झाकण घट्ट, वायू जायला एक बारीक नळी. दुसऱ्या ड्रमच्या तळाला भोकं पाडली आणि तो विटांवर उचलून ठेवला. त्यात काय भरायचं यावर बराच वाद झाला. मला दगडी चुरी हवी होती. मावशीनं गोठ्यामागून पऱ्हाट्या आणल्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहतात त्या झाडांची वाळलेली खोडं. बोटाएवढे तुकडे करून, तिचं जुनं खत त्यात मिसळून ड्रम भरला. हलका, पोकळ, आतून हवा खेळती. पहिल्या ड्रममधलं पिवळं पाणी वरून थेंब थेंब सोडायचं. ते पऱ्हाट्यांवरून झिरपत खाली घमेल्यात यायचं. घमेल्यातलं पाणी परत वर.

पहिला आठवडा मेथी उगवलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात काही दाणे आले. मी तेव्हा रोज पहाटे उठून ताटल्या पाहायचे, आणि अब्बा माझ्या आधीच उठून पाहून गेलेले असायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अम्मीनंच मला उठवलं. "चल, पाह्य तुही मेथी." ताटलीत दाणे दिसतच नव्हते, इतके कोंब. नळाच्या पाण्याच्या ताटलीशेजारी ठेवली तर कोणती कोणती हे अब्बांना ओळखता येईना. मी मुळं मोजपट्टीनं मोजली, वहीत लिहिली, आणि दोन-तीनदा परत मोजली, कारण माझाच विश्वास बसत नव्हता.

"माह्यी पऱ्हाटी," मावशी म्हणाली.

"माझा ड्रम," अब्बा म्हणाले.

"माझा कुकर," अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली.

सगळं जमलं असं मात्र नाही. अब्बांचा फिरोजी रंग या दोन्ही ड्रमना पुरून उरला. शेणात ठेवा, पऱ्हाटीवरून सोडा, महिनाभर वाट पाहा, फिरोजी आपला फिरोजी. मॅडमनी सांगितलं की त्याच्या रेणूची बांधणी वेगळी असते, आत तांब्याचा अणू बसलेला असतो, आणि आपले जिवाणू त्याला सहज तोडू शकत नाहीत. अब्बांना हे ऐकून गुपचूप आनंद झाला. "एक तं निंघाला मर्द," ते म्हणाले. पण फिरोजीचं पाणी त्या दिवसापासून वेगळं ठेवायला लागले. पसरट सिमेंटच्या टाकीत उन्हात आटवतात आणि खाली उरलेली खपली डब्यात भरून ठेवतात. त्या डब्याचं काय करायचं ते मला अजून नीट माहीत नाही.

मेथी उगवली म्हणजे पाणी पिण्यासारखं झालं असंही नव्हे, आणि तसं मी कधी कोणाला म्हटलं नाही. अंगणाच्या कडेला कर्दळ लावली आहे, पाणी तिला जातं. नालीत जात नाही. प्रोजेक्टमध्ये मी हे सगळं लिहिलं, बिघडलेल्या बाटलीसह. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "जिवाणूंचा स्रोत?" मी म्हटलं, "शेजारची म्हैस." ते हसले, मॅडमही हसल्या, आणि मग त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. एकही प्रश्न असा नव्हता ज्याचं उत्तर मी आमच्या अंगणात पाहिलेलं नव्हतं. तसा आनंद मला नंतर पदवी हातात घेतानाही झाला नाही.

आता मी यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवते आणि सुट्टीला घाटंजीला जाते. ड्रम दोनाचे चार झालेत. अब्बा आणि मावशी त्यांच्यावरून रोज भांडतात, शेण जास्त झालं का कमी, झाकण कोणी सैल ठेवलं. तिच्या नातीच्या लग्नाच्या ओढण्या अब्बांनीच रंगवल्या, आणि मावशीनं स्वतःच निवडलेला लाल त्यांना चार वेळा बदलायला लावला.

गेल्या हिवाळ्यात उमरखेडहून एक रंगारी ड्रम पाहायला आले. अब्बांच्या वयाचे, दाढी पांढरी, बोटं जांभळी. त्यांच्या नालीवरूनही शेजारी भांडत होते. मी त्यांना समजावायला वही उघडली, तर मावशीनं मला बाजूला केलं.

"गरम पाणी टाकायचं नाही. जीव असते त्याच्यात, मरून जाते. पहिल्या डब्याले हवा लागू द्यायची नाही, दुसऱ्याले रोज द्यायची. अन् घडी-घडी झाकण उघडून पाह्यचं नाही." शेवटचं ती अब्बांकडे पाहून म्हणाली.

त्यांनी आमच्या ड्रममधलं बादलीभर विरजण नेलं. हो, आम्ही त्याला विरजणच म्हणतो. रंग उतरताना दिसावा म्हणून ड्रमसोबत एक बाटलीही भरून ठेवायला मी सांगितलं होतं. आठवडा गेला, फोन नाही. थंडी कडक होती. अब्बांनी मला यवतमाळला फोन करून विचारलं, थंडीत जिवाणू मरतात का. मी म्हटलं, मरत नाहीत, मंदावतात, ड्रमला गोधडी गुंडाळा म्हणावं. अब्बांनी ते उमरखेडला कळवलं.

मग एका दुपारी मी वर्गात प्रॅक्टिकल घेत होते आणि अब्बांचा फोन आला. मी वर्गात फोन उचलत नाही, पण ते लागोपाठ तीन वेळा करत होते, म्हणून घाबरून उचलला. मागे बाजाराचा गलका होता. कोणीतरी बाई विचारत होती, "भाऊ, माह्यी ओढणी झाली काय?"

"थांबा हो बाई, पाच मिनिट थांबा," अब्बा तिला म्हणाले, आणि मग इतक्या मोठ्यानं बोलले की पहिल्या बाकावरच्या मुलींनाही ऐकू गेलं. "बेटा, उमरखेडवाल्याचा फोन आलता! गेला! तिथलाही लाल गेला! खालून वर, आपल्यासारखाच!"